बंपरवरचा डाग

"अमेरिकेत या जुन्या गाड्या परत येत्यात, पण बॅटरीवर. आपणबी हिचं इंजिन काढूया," माणिक म्हणाला आणि विलासच्या हातातला पाना थांबला.

एकोणसत्तर सालची ती अमेरिकन गाडी दोघांनी भंगारातून उचलली होती. अकरा वर्षं दर रविवारी दोघं कोल्हापूरच्या त्या गॅरेजात तिच्यासाठी राबले होते. नियम एकच होता. ज्याच्यामुळे गाडीवर डाग पडेल, त्याने चहा पाजायचा.

"आठ सिलिंडरची डरकाळी काढून हिच्यात मिक्सरची मोटर बसवणार व्हय?"

"तुला गाडी नको, गोंगाट पायजे. भंगारातच मरशील तू."

विलासने त्याची गचांडी धरली. माणिकने तोंडावर ठोसा हाणला. तुटलेला दात थुंकून विलासने सगळं बळ एकवटलं आणि त्याला ढकललं. माणिकचं डोकं बंपरच्या कडेवर कवठासारखं फुटलं आणि तो तिथेच कोसळला.

चकचकीत बंपरवरून रक्ताचा ओघळ निघाला. क्रोमवर रक्त वाळलं की डाग धरतो. विलासने धावत जाऊन मऊ फडकं आणलं, गुडघे टेकले आणि स्वतःचं सुजलेलं तोंड लख्ख दिसेपर्यंत तो बंपर हलक्या हाताने पुसत राहिला.

"ओरखडासुदिक न्हाई, बघ. डाग तुझ्या रक्ताचा, म्हंजे आजचा च्या तुझ्याकडनं."

बंपरमध्ये त्याच्या तोंडाशेजारी माणिकचंही तोंड दिसत होतं. डोळे उघडे होते, पण पापणी लवत नव्हती.