नानायचा फ्लेक्स

फिलिपिन्समधल्या आमच्या मियागाओ गावात कुणी वकिलीची परीक्षा पास झालं की घरावर फोटोसकट फ्लेक्स लागतो. माझाही नानायने, म्हणजे माझ्या आईने, लावला होता. पुढे बारा वर्षं मी सरकारी वकील होते. त्या बारा वर्षांत एकाही खुन्याला शिक्षा झाली नाही. शेवटी नोकरी सोडली आणि एक रहस्यकथा लिहिली. हस्तलिखित नानायने एका बैठकीत वाचून काढलं.

प्रकाशनाच्या सकाळी चर्चच्या हॉलवर पोचले, तर दारावर दोन पुरुष उंचीचा फ्लेक्स. त्यावर माझा जुनाच वकिलीचा फोटो आणि खाली मजकूर: 'अभिनंदन अटर्नी फिलोमेना! अखेर खुनी पकडला! खून दाताच्या डॉक्टरने केला!'

"नानाय! अगं, आता पुस्तक कोण घेईल?"

"का? बारा वर्षांनी पहिली केस जिंकलीस. गावाला सांगायला नको?"

आत पाहिलं, तर ही रांग! "आरोपी कळला, अटर्नी. आता पुरावा बघू," जो तो म्हणत होता. सगळ्यांत पुढे गावातले एकुलते एक दाताचे डॉक्टर मोनेबा, लालबुंद होऊन उभे.

"अटर्नी, सकाळपासून गावात एकाचाही दात दुखला नाही! द्या ते पुस्तक. सुटायला कुठे जागा आहे का, बघतो."

नानायने स्वतःच्या हाताने त्यांना प्रत दिली.

"कोर्टात हिच्या हातून आरामात सुटला असतात हो, डॉक्टर. पुस्तकात नाही सोडत ती कुणाला."