जर-तरचा तास

बाबा गेल्यानंतरचा माझा पहिला तास. डॉक्टर पोहोचायला उशीर झाला होता, हे वर्गातल्या मुलींनाही कळलं होतं. धडा नेमका इंग्रजीतल्या जर-तरच्या वाक्यांचा. एकेक मुलगी उठून वाचत होती आणि मी फळ्यापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत होते. पुस्तकातलं पाचवं वाक्य मला पाठ होतं: ‘डॉक्टर वेळेवर आले असते, तर रुग्ण वाचला असता.’

पाचवी मुलगी उठली, पण वाचेना.

“ए भोंगा, आज बॅटरी संपली का गं?” मागून कुणीतरी म्हणालं.

तिने पुस्तकावरची नजर न हलवता खणखणीत आवाजात वाचलं, “डॉक्टर उशिरा आले, तरी रुग्ण वाचला.”

कुणीच हसलं नाही.

 

“बरोबर,” मी म्हणाले. “पुढचं?”