परदेशाचा अनुभव

लॉच्या एका कोर्समध्ये एक वर्ष परदेशात शिकायला मिळणार होतं आणि जागा मोजक्याच होत्या. धाकटी डहाणू गावातल्या घरात कल्पिता ऑनलाइन मुलाखतीला मोबाइलसमोर बसली, तशी अंगणात बोंबील वाळत घालणाऱ्या आईने, हिरकणीने, पुन्हा बजावलं, "बाबाचं विचारलं तर मासेमारी करतात एवढंच सांग. पुढे एक अक्षर बोलू नको, नाहीतर घेणार नाहीत तुला."

बाबांचं विचारलंच. 'मासेमारी' ऐकून मुलाखत घेणारे सर पुढच्या प्रश्नाकडे वळले, तेव्हा कुठे कल्पिताचा जीव भांड्यात पडला.

"परक्या देशात एकटीने राहणं सोपं नसतं. तुमच्या घरातलं कुणी परदेशात राहिलंय?"

अंगणात हिरकणीचे हात थांबले. पण खोटं बोलून वकील व्हायचं, हे काही कल्पिताच्या मनाला पटेना.

"हो सर. बाबा. अजून तिथेच आहेत."

"अरे वा! मग मार्गदर्शन घरातच आहे की! कुठे असतात?"



"पाकिस्तानच्या तुरुंगात, सर. बोट चुकून हद्दीपलीकडे गेली होती. अजून वकील मिळालेला नाही."