करंट गेल्यावर

“परत घालवा,” भीमाशंकर म्हणाला.

पंचाक्षरीने भिंतीवरचं मेन बटण पुन्हा खाली ओढलं. रेडिओ गप्प झाला, छताचा दिवा गेला. बाकावरच्या लोखंडी डब्यात टक् असा आवाज झाला आणि बॅटरीच्या तारेला लावलेला बल्ब पेटला.

“झालं समाधान?”

“अजून एकदा.”

भवानी पेठेतलं पंचाक्षरीचं बॅटऱ्यांचं दुकान जुनं. ट्रकवाले, जीपवाले, लग्नात कर्णे लावणारे, सगळे त्याच्याचकडे यायचे. पण दवाखान्यातल्या काचेच्या पेटीसाठी बॅटरी मागणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. अपुऱ्या दिवसांची बाळं त्या पेटीत ठेवतात. खाली बल्ब लावून ती उबदार राखतात. करंट गेला की बल्ब जातात आणि पौषाची थंडी काचेतून आत शिरते. भीमाशंकरने एवढंच सांगितलं होतं, तेही खाली बघत.

तो कुंभारीचा. गिरणीत मागावर कामाला. आज खाडा करून आला होता.

पंचाक्षरीने आधी त्याला साधी बॅटरी दाखवली होती. करंट गेला की उठायचं आणि खटका फिरवायचा.

“उठणारं कुणी नसलं तर?” भीमाशंकरने विचारलं होतं.

मग एक जुनी, नव्या पट्ट्या घातलेली बॅटरी निघाली. स्वस्तातली. भीमाशंकरने तिला हातसुद्धा लावला नाही. शेवटी पंचाक्षरीने आतल्या खोलीतून ट्रकची कोरी बॅटरी आणली आणि तिला हा डबा जोडला. करंट असला की बॅटरी भरून घ्यायची, गेला की आपोआप बल्ब लावायचे. माणसाची गरज नाही.

“आवाज न्हाय आला, आन बल्ब बी न्हाय लागला तर?”

“लागतंय हो. मी सवता बांधलाय. बॅटरीतलं पाणी तेवढं बघत जावा म्हनावं सिस्टरला.”

भीमाशंकरने मान हलवली. भाव विचारला नाही.

दुकानाच्या फळीवर त्याने ओल्या फडक्यात गुंडाळलेला छोटा डबा ठेवला होता. पंचाक्षरी तो बाजूला सारायला गेला.

“जेवन हाय काय?”

“न्हाय. दूध हाय. बायकोनं दिलंय.”

पंचाक्षरीने हात मागे घेतला. सकाळी महादेवीने भिंतीकडे तोंड करून तो डबा भरला होता. झाकण घट्ट लावून नवऱ्याच्या हातात दिला होता. “सांडू देऊ नका,” एवढंच बोलली होती. सायकलवर सगळी वाट तो तेवढंच जपत आला होता.

“पोरगं का पोरगी?” पंचाक्षरीने विचारलं.

“पोरगं. आठव्यात झालं.”

“मागल्या सोमवारी पेठेत लई वेळ करंट नव्हता. तिकडं हुता का?”

“न्हाय. तिकडं बी नव्हता.”

“मग काय केलं?”

“गरम पान्याच्या बाटल्या ठिवल्या.”

“बाटल्या थंड हुत्यात की.”

“व्हय,” भीमाशंकर म्हणाला.

“सिद्धेश्वर हाय पाठीशी,” असं काहीतरी पुटपुटत पंचाक्षरीने पाने आणि तारा पिशवीत भरल्या. “चला. मीच येतो बसवायला.”

टांग्यात बॅटरी दोघांच्या पायांमध्ये ठेवली. वाटेत पंचाक्षरी साखरेच्या भावाबद्दल बोलत होता. भीमाशंकर दुधाचा डबा मांडीवर धरून बसला होता. बोलणं त्याच्या कानावर पडत होतं, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. हल्ली सगळ्यांचंच बोलणं असं पडायचं.

दवाखान्यात सुंदरम्मा सिस्टर दारातच भेटली. बॅटरीकडे बघून ती थबकली, मग त्याच्या हातून दुधाचा डबा घेतला.

“एवढ्या थंडीत कुंभारीहून आलात?”

“व्हय.”

“महादेवी कशी आहे? जेवते का?”

“दूध येतंय अजून,” तो म्हणाला.

सिस्टर मान खाली घालून आत गेली.

पंचाक्षरीने पेटीखाली जुन्या बल्बांच्या शेजारी बॅटरीचे बल्ब बसवले, तारा ओढल्या, लोखंडी डबा भिंतीला ठोकला. आत बाळ निजलं होतं. मुठी मिटलेल्या, कातडी जांभळट, बरगड्या भराभर हलत होत्या. भीमाशंकर पेटीजवळ उभा राहिला. काचेला मात्र त्याने हात लावला नाही.

“घालवू का?” पंचाक्षरीने विचारलं.

बटण खाली आलं तसा सुंदरम्माचा हात आपसूक काचेवर गेला. टक् झालं. पेटीखाली पिवळा उजेड पडला.

“परत,” भीमाशंकर म्हणाला.

या वेळी बटण सिस्टरनेच ओढलं. बल्ब लागले. तिने पदराने डोळे पुसले आणि डब्यातलं दूध ड्रॉपरमध्ये घेऊन बाळाच्या ओठांना लावलं. एक थेंब, दुसरा थेंब. बाळाचा इवलासा गळा हलला.

भीमाशंकर बघत राहिला. कुंभारीला गेल्यावर महादेवी हेच विचारणार होती, की प्यालं का. तिला सांगायला आज काहीतरी होतं.

“आता तुमचा घोर मिटला,” पाने पिशवीत टाकत पंचाक्षरी म्हणाला. “दिसभर करंट गेला तरी चिंता न्हाय.”

तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. अंगावर घोंगडी, पटक्यावर एसटीच्या वाटेची धूळ. माळशिरसचा जोतीराम. आत यावं की नाही, त्याला कळत नव्हतं.

“बाई, माझी पोरगी कशी हाय?”

सुंदरम्माने काचेकडे बोट दाखवलं. “या, बघा की. दूध पितेय.”

जोतीराम चवड्यांवर पुढे आला आणि काचेशी वाकला.

“हिच्या आईला तापापायी दूधच न्हाय,” तो म्हणाला. मग कुणीतरी शेजारी उभं आहे हे त्याच्या ध्यानात आलं. घोंगडी सावरत त्याने भीमाशंकरला विचारलं, “पावनं, तुमचं बी लेकरू हितंच हाय का?”

“मागल्या सोमवारपर्यंत ह्याच पेटीत होतं,” भीमाशंकर म्हणाला.