खळग्यातलं धुकं

"बसलं, सर! बसलं बघा!"

चिमणीने खुर्ची मागे ढकलली आणि सरांना पडद्यासमोर जागा करून दिली. तिशी ओलांडलेली, सरांच्याच हाताखाली तयार झालेली संशोधक. पण तोंडाची टकळी थांबत नाही म्हणून सरांच्या बायकोने तिला चिमणी म्हटलं, आणि प्रयोगशाळेत मग तेच नाव पडलं.

सरांनी चष्मा पुसला. पडद्यावर प्रथिन सावकाश गिरक्या घेत होतं. जंतूच्या घरचा गवंडीच तो. जंतूभोवतीची भिंत तोच रचतो, विटेला वीट जोडत. त्याच्या तळहातावर एक खळगा असतो. त्यात औषध जाऊन बसलं की गवंड्याचा हात थांबतो, भिंतीला तडे जातात, जंतू फुटतो. पण या जातीच्या जंतूने खळग्याचं तोंड आवळून घेतलं होतं आणि जुनी औषधं दारातूनच परत फिरत होती. ते तोंड उघडेल असं औषध शोधण्यात सरांची हयात गेली. बायको त्या प्रथिनाला सवत म्हणायची. दार उघडता उघडताच टोमणा यायचा, "आज सवतीने लवकर सोडलं वाटतं!"

आता ती सवत तिच्याच रक्तात उतरली होती. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची साधी जखम, आणि तिच्यातून शिरला तो नेमका हाच जंतू. एकेक औषध हरलं. मूत्रपिंडं थकली. प्रयोगशाळेतलं हे नवं औषध अजून कुठल्या माणसाला दिलेलं नव्हतं. द्यायची परवानगी मिळाली होती, पण डॉक्टरांनी सकाळीच स्वच्छ सांगितलं होतं, "खळग्यात बसत असेल तर देतो, सर. बसत नसेल तर त्यांच्यासाठी ते नुसतं विष आहे. चित्र बघा आणि तुम्हीच सांगा."

हेच ते चित्र. प्रथिनाचा स्फटिक औषधात भिजवून, क्ष-किरणांत धरून काढलेलं. निळ्या जाळीत खळगा, खळग्यात धुकं, आणि त्या धुक्यात चिमणीने बसवलेलं पिवळं औषध. डोकं आत, शेपूट बाहेर. म्यानात तलवार जावी तसं.

सरांच्या छातीत काहीतरी लकाकलं. मग नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे गेली. किती पुसट खुणा चित्रात धरायच्या, ती पातळी तिथे दिसायची.

"पातळी किती खाली आणलीस गं?"

"थोडीशीच."

"चिमणे."

"जरा जास्तच." तिने मान खाली घातली. "वर ठेवली की धुकं विरतं, सर. पण आहे ना तिथे काहीतरी! नसतं तर दिसलं असतं का?"

पातळी इतकी खाली ओढली की रिकाम्या जागेतही आकार उठतात. उताणं पडून बघावं आणि ढगात हत्ती दिसावा तसे. आणि एकदा का औषध आपल्या हाताने चित्रात भरलं, की गणितही लाघवी होतं. आपण भरलेलंच आपल्याला परत दाखवतं. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सर हे सांगत आले होते. सांगताना हसवतही असत.

"औषध काढ," ते म्हणाले. "खळगा मोकळा ठेव आणि गणित पुन्हा लाव. खरंच बसलं असेल, तर धुकं आपल्या पायांनी परत येईल."

"सर, आज नको."

"लाव."

"पण दुसरं उरलंय काय काकूंसाठी? द्या ना तसंच! कशाला बघायचं?"

"माझ्या हाताने तिला काय जाणार, एवढं तरी कळू दे मला."

चिमणीने नाक ओढलं. पिवळं औषध पुसलं आणि गणित सुरू केलं.

सर खिडकीशी गेले. खाली एक माणूस सायकल उलटी करून सुटलेली साखळी बसवत होता. हात काळे झाले होते, साखळी पुन्हा पुन्हा निसटत होती. सर ते बघत राहिले. मग त्यांच्या ध्यानात आलं, की पाठीमागे चिमणी गप्प झाली आहे. केव्हाची गप्प आहे.

ते वळले.

खळग्यात तीन-चार थेंब होते. विखुरलेले, एकमेकांशी ओळख नसल्यासारखे.

"ग्लिसरीन," चिमणी म्हणाली. स्फटिक गोठवताना त्याला बर्फाने तडा जाऊ नये म्हणून ग्लिसरीनमध्ये बुडवतात. "आपणच घातलेलं."

फोन वाजला. सरांनी तो टेबलावरच ठेवून आवाज मोकळा केला.

"बसतंय का, सर?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

पलीकडे कुठलंसं यंत्र टिकटिकत राहिलं. "मग नाही देत," डॉक्टर म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "जाग्या आहेत त्या. सारखं विचारतायत. फोन कानाशी धरू?"

"धरा."

आधी नुसता श्वास आला. जिना चढून दमलेल्या माणसाचा असतो तसा.

"अहो," ती म्हणाली, "बसलं का?"

चिमणीने मान वर केली. सर तिच्याकडे बघत नव्हते. त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकले आणि फोनवर वाकले.

"बसलं," ते म्हणाले. "घट्ट बसलं."

"अगं बाई." ती हसली असावी. "मग आता कसली घाई? त्या चिमणीला घेऊन आधी नीट जेवा. सावकाश या."