भिंतीला टेकून

कुशाबाच्या निरंजनला मुलीकडचे पाव्हणे बघायला आले, तवा भिंतीची भेग झाकायला कुशाबा तिलाच टेकून बसला. आजच्या दिवस सुरुंग लावू नका, म्हणून सकाळीच दगडखाणीवर हात जोडून आला हुता. त्यांनी ऐकायला हा काय खाणवाल्याचा सासरा लागून गेला हुता! चहा आला अन् खाणीवरचा भोंगा वाजला. ‘गेली सोयरीक,’ म्हणत कुशाबानं डोळेच मिटले. घर हादरलं, पण भांडं एकबी पडलं न्हाई. बघतोय तर मुलीचा बाप भांड्यांची मांडणी दोन्ही हातांनी धरून उभा!

“पाव्हणं, तुमच्याकडं बी खाण हाय व्हय?” कुशाबाला हसूच फुटलं.

“व्हय की.” पाव्हण्यानं मांडणी सोडली न्हाई. “म्हणून तर लेक लांब द्यायला निघालो हुतो.”