चाळीस ओळी

शर्वरीच्या गळ्यातला कामाचा मापक याही आठवड्यात लाल झाला. धरणाच्या दरवाजांचा अख्खा प्रोग्राम तिने लिस्प या, स्वतःच प्रोग्राम लिहू शकणाऱ्या संगणकभाषेत एकटीने चाळीस ओळींत बसवला होता, आणि तो चालतही होता. शेजारच्या नऊ जणांच्या साठ हजार ओळी अजून अडखळत होत्या, पण त्यांचे मापक हिरवेगार.

“मापक ओळी मोजतो, अक्कल नाही,” गोगटे साहेब म्हणाले. “लाल मापकाला उद्या ऑफिसचं दार उघडणार नाही.”

शर्वरीने चिडून लिस्पलाच त्या ओळी उलगडून लिहायला लावल्या. क्षणात नव्वद हजार ओळी पडल्या. मापक हिरवा झाला, टाळ्या वाजल्या, साहेब खूश झाले.

“बघा, मनावर घेतलं की जमतं! आता ती चाळीस ओळींची फाईल पुसून टाका. आळस दिसतो त्यात.”

तिने पुसली. पुसलेल्या ओळीही मापकाने कामात धरल्या.